फेरफार

माझे वडील नगर भूमापन कार्यालयात होते,
मुलुंडला, खिडकीपासून तिसरं टेबल.
कुणी गेलं की वारस यायचे कागद घेऊन.
जुनं नाव वडील खोडायचे नाहीत,
कंसात टाकायचे,
आणि खाली नवं लिहायचे.
ह्याला फेरफार म्हणतात
हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं.

आता परळला, चौथ्या मजल्यावर,
मी रक्तातले फेरफार वाचते.
दहावं गुणसूत्र, तिथली ठरलेली एक जागा,
जिथे 'सी' असतो
तिथे काहींचा 'टी' निघतो.
एवढंच.
कुठल्या साली, कुठल्या दुष्काळात झाली ही नोंद,
कुणाच्या अर्जावरून,
सही नाही, शिक्का नाही.
हेच अक्षर जपानात क्वचित सापडतं म्हणे,
आणि शुगर तिथेही होतेच लोकांना.

प्लेटमध्ये खळगे शहाण्णव.
ढमाले हसला, म्हणाला,
आमची कुळं बरोबर बसतील.
मग आम्ही भरत गेलो:
वरळी कोळीवाड्याची मंदाकिनी वैती,
तिला खेटून उत्तनचे घोन्साल्विस,
चेंबूर कॅम्पातले लछमनदास,
जैतुनबी परकार, जिने दोनदा विचारलं
आता चहा घेतला तर चालेल ना.
दोन दोन मायक्रोलिटर.
सगळ्यांचं सारखंच पाण्यासारखं,
डीएनए काढल्यावर लालही राहत नाही.

मंदाकिनी निकालाला स्वतः आली,
टोपली खाली ठेवून, ओल्या हातांनी.
"मी गोर खात नाय बाय,
मंग साकर आली कुठून?"
मी संगणकात तिचं नाव टाकलं.
धोक्याचा आकडा काढणारं ते गणित
दूरच्या थंड देशांतल्या
लाखो माणसांवर बेतलेलं.
दुसऱ्या गावची काठी.
तिने मोजलं तर आमच्या बांधाला
कधी दोन हात जास्त, कधी एक हात कमी.
पडद्यावर आलं:
या समूहासाठी माहिती अपुरी.

कोळीवाड्याचं सीमांकनही
अजून व्हायचंय, ती म्हणाली,
तिथेही असंच सांगतात.
मी मान खाली घातली.
तिने जाताना टोपलीतून दोन बांगडे
वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले टेबलावर,
नमुन्यांच्या फ्रीजपासून
हातभर अंतरावर.

वडील काडीसारखे होते.
पट्ट्याला खिळ्याने पाडलेली चार जादा भोकं.
अडतिसाव्या वर्षी शुगर निघाली
तेव्हा कंपाउंडर म्हणाला, रिपोर्ट बदलला असेल,
एवढ्या हडकुळ्याला कशी होईल?
वडिलांनी विश्वास ठेवला.
कागद बदलतात, हे त्यांच्याइतकं
कोण जाणत होतं?
सहा वर्षं त्या विश्वासावर काढली,
मग डोळे, मग मूत्रपिंडं.
त्यांचं नाव मी स्वतः कंसात पाहिलं,
भांडुपच्या खोलीच्या कागदावर,
शेजारच्या टेबलावरच्या माणसाने
सुबक अक्षरात टाकलेलं.

शेवटचा खळगा रिकामा राहिला एकदा.
नियमात बसत नाही, तरी
मी माझं भरलं.
टी.
आणि पुन्हा टी.

एक त्यांचा. ते अपेक्षितच.
दुसरा मी किती वेळ बघत बसले.
म्हणजे हा आईचा,
जी एकाहत्तराव्या वर्षी
चहात तीन चमचे घालते,
दुपारी शेंगदाण्याची चिक्की कडाकडा चावते,
आणि वडिलांचं पथ्य जिने अकरा वर्षं
घड्याळ लावून सांभाळलं.
तिचं बोट कुणी टोचलंच नाही कधी,
मीसुद्धा.

त्या रात्री टोचलं.
एकशे दोन. जेवल्यानंतर.
मी यंत्र दोनदा पुसलं.
"काय निघालं?"
"काही नाही."
"मग तोंड का असं?"
तिने बोट पदराला पुसलं,
डबा उघडून हलवून बघितला,
म्हणाली, उद्या येताना
साखर आण एक किलो.